श्रीपादच्या सामानाची यादी

श्रीपादचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं. संक्रांत उलटली तरी प्रभाकररावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्रातलं एक वाक्य मात्र त्यांना पाठ झालं होतं. ‘पानं तुझ्याकडे असली की मला घोर नाही. तुझ्या हातून कुणाचं वाईट व्हायचं नाही.’

श्रीपाद येत्या सोमवारी ठाण्याहून निघणार होता. वर्षभर तळकोकणात राहून शेतकऱ्यांच्या बोलीतले शब्द गोळा करायचे, दर आठवड्याची पानं टपालाने डोंबिवलीला पाठवायची आणि प्रभाकररावांनी ती सांभाळून ठेवायची, असा त्याचा बेत होता. ‘तू किनाऱ्यावर अकरा महिने असाच राहिलास,’ त्याने लिहिलं होतं. ‘काय काय न्यावं त्याची यादी पाठव. सामान बांधण्यात तुझा हात कोण धरणार?’

त्या अकरा महिन्यांतून झालेला कोळी बोलीचा कोश समोरच्या फळीवर होता. कोशावर एकच नाव होतं, श्रीपादचं. प्रस्तावनेच्या अगदी शेवटी, बाइंडरच्याही नंतर, ‘टपालाची ने-आण केल्याबद्दल’ प्रभाकररावांचे आभार मानले होते. कोशाची प्रुफं त्यांनीच वाचली होती. त्या ओळीत ‘आभर’ पडलं होतं, त्याचं ‘आभार’ही त्यांनीच केलं होतं.

भांडायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण दाखवायला हातात एक पान नव्हतं. अकरा महिने त्यांनी कार्बन न घालता, एकाही पानाची नक्कल न ठेवता लिहिलं होतं. सगळी पानं श्रीपादकडे होती.

आज जेवण झाल्यावर ते यादी करायला बसले. लिहू लागल्यावर हात थांबेना. मेणकापड दोन वार, कागद गुंडाळायला. शाई नको, ओल्या हवेत अक्षर फुटतं, बॉलपेनं ने. टपालाची तिकिटं एकमेकांना चिकटतात, मध्ये मेणकागद घाल. चष्मे दोन. सुतळी आणि दाभण. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला. पोस्टमास्तरांसाठी सुपारी, पहिल्याच दिवशी द्यायची. लाडू नेऊ नकोस, मुंग्या होतात, भाजणी ने. अशी चौदा कलमं झाली.

शुभदाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी कागद उचलला आणि उभ्या उभ्या वाचला.

“अहो, सुपारीसुद्धा आठवली तुम्हाला.”

“हं.”

“आणि कार्बन?”

प्रभाकरराव बशीत चहा ओतत राहिले.

“विसरलात?”

“नाही.”

शुभदाबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. “म्हणजे पानं इकडे येणार, आणि त्यांच्याकडे काहीच राहणार नाही.”

“काही नाही.”

“आणि वर्षाने तुम्ही काय करणार?”

“अजून ठरवलं नाही.” बशी खाली ठेवत ते म्हणाले, “मला जमेल का, तेही माहीत नाही. पण तुझ्या हातून व्हायचं नाही, असं त्याने लिहायला नको होतं.”

“मला विचाराल तर पाठवा अशीच,” शुभदाबाई म्हणाल्या. “अकरा महिने मी या घरात एकटी काढले. ते काय ने-आणीसाठी?”

त्यांनी कागद परत दिला. पेटीत टाकण्यापूर्वी प्रत्येक पत्र एकदा वाचायची प्रभाकररावांची सवय होती, आणि वाचताना हातात लाल पेन असे. पहिल्या ओळीपासून ते वाचत आले. सातव्या आणि आठव्या कलमाच्या मध्ये पेन आपोआप टेकलं. बघता बघता तिथे एक लहानसं हंसपद उमटलं. सुटलेला शब्द इथे घाला, असं छापखान्याला सांगणारी ती खूण. चाळीस वर्षं प्रुफं वाचताना जिथे काही सुटलेलं दिसेल तिथे त्यांचा हात ती काढत आला होता.

आता वर शब्द लिहायचा, एवढंच उरलं होतं. त्यांनी पेन तसंच खुणेवर धरलं.

“झालं का?” शुभदाबाई चपला घालून दारात उभ्या होत्या. “सव्वाचारला पेटी उघडतात. आज नाही गेलं तर त्यांना मिळायचं नाही.”

“यादी पुन्हा उतरवून काढू का?”

“अहो, वेळ कुठाय?” त्या आत आल्या आणि कागदावर वाकल्या. “हे लाल काय केलंत?”

“हंसपद.”

“वर तर काहीच नाही.”

“नाही.”

“मग त्यांना काय कळणार त्यातून?”

प्रभाकररावांनी यादीची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि डिंक लावून वरून मूठ दाबून धरली.

“एवढा मोठा कोश केलाय त्याने,” ते म्हणाले. “एकदा तरी प्रुफं वाचली असतील, तर कळेल.”

खाली उतरून ते कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेले आणि पाकीट आत सोडलं.