गोठ्यातली हाक

गोठ्यात सर्प डसला, केवळाबाईचा म्हातारा हाका मारीत जिवानिशी गेला. "पवनचक्कीच्या घरघरीत मला ऐकूच आलं न्हाई," केवळाबाई गावभर सांगायची. तिनं चाकूरच्या तहसिलीत पवनचक्कीच्या कंपनीविरुद्ध अर्ज दिला, म्हणून आज आवाज मोजणारा साहेब यंत्र घेऊन ओसरीवर आला.

चक्की फिरतच होती. साहेबानं तिच्या सुनेला गोठ्यातून हाक मारायला लावली.

"मावशी, हाक तर साफ ऐकू येते," यंत्र बघत तो हळूच म्हणाला.

"तुमचं यंत्र कंपनीचं मीठ खाऊन बोलतंय," केवळाबाई फणकारली अन् आत गेली.



त्या दिवशीही हाक साफ ऐकू आली होती. पण सकाळीच नवरा-बायकोत भांडण झालं होतं. "गरज त्याला हाय, येईल दारापर्यंत," म्हणून ती उठली नव्हती.