रोटीचे तुकडे

आमच्या शिआनमध्ये मटणाच्या रश्श्यातली रोटी गिऱ्हाईक स्वतःच कुस्करतं; मग मी तो वाडगा आत रश्श्यासाठी नेते. तुकडे पाहूनच आचारी फूशंग माणूस ओळखतो: बारीक तुकडे जाणकाराचे, मोठे नवख्याचे. आज त्याचे म्हातारे उस्ताद जेवायला येणार होते. चव पटली तर ते आपलं हे दुकान त्याच्या हवाली करणार होते.

मुगाएवढे तुकडे दिसताच त्याने मटण शिगोशीग भरलं. "हे उस्तादांचे!"

"दादा, पण..."

"गप गं! मला वाडगा सांगतो." पुढच्या वाडग्यात ढेकळं होती. "आले पर्यटक! सम्राटाच्या थडग्यातले मातीचे सैनिक बघून थेट इकडे. यांना पाणीसुद्धा अमृत!" त्याने नुसता पातळ रस्सा ओतला.

मी दोन्ही वाडगे देऊन परतले.


"दादा, मटण पर्यटकाने खाल्लं. उस्तादांची बोटं आजारपणापासून वळत नाहीत. ते विचारतायत, तुकडे मोठे दिसले की रोज हेच पाणी वाढतोस का?"