बोटांखालचा पिठ्या ढेकूण

दृष्टी गेल्यानंतर रेगेबाई पहिल्यांदाच प्रयोगशाळेत आल्या, त्या आपल्या जुन्या विद्यार्थिनीचा, दिलशादचा हात धरून. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली किडी ओळखणाऱ्या बाईंना आता तिथली खुर्चीही चाचपून शोधावी लागली.

"बार्शीच्या सीताफळांवर पिठ्या ढेकूण आलाय, बाई," दिलशाद म्हणाली. "किडी ओळखणारं यंत्र दोन जातींत अडकलंय. किडीला मारणारा मित्रकीटक चुकीचा सोडला, तर तो याला शिवणारही नाही. बागा हातच्या जातील."

तिनं कळ दाबली. मेजावरचा रबरी पडदा हळूहळू फुगला आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या तिळाएवढ्या ढेकणाचा आकार त्यावर लोडाएवढा उमटून बाईंच्या तळव्यांखाली आला. त्या दचकल्या. मग बोटं आपोआप चालू लागली. उंच काठांची छिद्रं पाठीच्या मधोमध नव्हती, फक्त कडेनं लागत होती. त्यांनी मागचा पाय शोधला आणि नडगीवरून सावकाश अंगठा फिरवला.

"पपईवरची जात आहे ही!"

"नक्की?"

बाईंनी तिचंच बोट धरून नडगीवर ठेवलं. "बघ, गुळगुळीत. दुसरी जात असती, तर इथे चाळणी लागली असती."

त्याच दुपारी मित्रकीटक बार्शीला रवाना झाले.

दिवाळीच्या आधी बागांतून फोन आला, की नवी पालवी स्वच्छ आहे. दिलशाद धावतच सांगायला आली, तेव्हा रेगेबाई नव्या विद्यार्थिनींना घेऊन मेजावर वाकल्या होत्या.

"थांब गं जरा," त्या हसत म्हणाल्या, "आम्हाला ढेकणाच्या मिशीचं आठवं पेर सापडत नाहीये."