यंत्राचं शून्य

आकडा शून्याच्या खाली गेला तेव्हा शास्त्रज्ञाने आधी यंत्राला दोष दिला, मग विजेला, मग रक्ताची नळी आणून देणाऱ्या सहकारी बाईंना. स्वतःपर्यंत यायचं त्याला नेहमीप्रमाणे सुचलं नाही.

यंत्र त्याचंच. काचेच्या टिकलीवर सोन्याचा थर, त्यात डोळ्यांना न दिसणारे खड्डे आणि खड्ड्यांत चिकटवलेले विषाणूचे निरुपद्रवी तुकडे. रक्तात त्या विषाणूशी लढलेली प्रतिपिंडं असली की ती तुकड्यांना बिलगतात, परतणाऱ्या प्रकाशाचा रंग सरकतो आणि आकडा चढतो. महिन्यापूर्वी आईच्या रक्ताच्या थेंबाने आकडा शून्यावरून हलला नव्हता. "आई, तुझ्या अंगात या रोगाशी लढायला काहीच नाही," असं जाहीर करून त्याने तिला मागच्या खोलीत बसवलं. बाहेर साथ होती. महिन्याची नात तिने अजून काचेतूनच पाहिली होती.

"हे रक्त साथीच्या आधीचं, फ्रीझरमधलं," बाई म्हणाल्या. "याच्या खाली काही असूच शकत नाही. सर, शून्य कुणाच्या रक्तावर लावलंत?"

"माझ्या. मला कुठे काय झालं होतं?" तो ऐटीत म्हणाला आणि लगेच त्याचे कान तापले. बायको बाळंतपणाला गेली होती तेव्हा तो तापाने अंथरुणात पडला होता. त्याला त्याने कामाचा थकवा म्हटलं होतं. आपण किती राबतो, याचं तेव्हा कौतुकही वाटलं होतं! दिव्याखाली अंधार, तो असा. ताप त्या रोगाचाच होता आणि त्याच्या प्रतिपिंडांनाच यंत्र शून्य मानत होतं. आईचा आकडा हलला नव्हता, कारण तिच्या रक्तातही त्याच्याइतकीच प्रतिपिंडं होती.

घरी येऊन त्याने बायकोच्या हातून बाळ घेतलं, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि ते आईच्या मांडीवर ठेवलं.

"आई, मी गाढव आहे. तुला तो रोग होऊन गेलाय."

"माहीत आहे की. तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मग मलाही ताप आला. तुला सांगितलं नाही, एवढंच."

"मग महिनाभर इथे का बसून राहिलीस?"

आई नातीची मूठ हलकेच उघडत होती. "एवढ्या हौसेने बनवलंस. ते चुकलंय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं रे तुला?"