हरणाबाईची जागा

साथीतल्या मयतांच्या फेरमोजणीला आलेली आशा सेविका सोनम घोंगड्यावर टेकणार, इतक्यात म्हातारा हरिबा ओरडला, “तिथं नगं, ती हरणाबाईची जागा!” सोनम हसत भुईवर बसली. “आवं आजा, हरणाआजी कशानं गेली?” “म्हातारपणानं.” साऱ्या धनगरवाडीनं मयतांचं हेच सांगितलं होतं. कोरोना म्हटलं असतं, तर खालच्या बागायतदारांनी खतासाठी रानात मेंढरं बसवू दिली नसती. “पर आजा, कागदावर आपल्यात साथीनं कुणीच मेलं न्हाई. मग वाडीला ऑक्सिजनची गाडी कशाला, म्हणत्यात वरचे सायेब.” हरिबाला म्हसवडच्या दवाखान्याचा रस्ता आठवला, भाड्याचा टेम्पो आठवला, मांडीवर श्वासासाठी तडफडणारी हरणाबाई आठवली. तो घोंगड्याच्या दशा कुरवाळत राहिला. “लिव, कोरोनानं गेली. पुढल्याची तरी बायकू वाचंल.” सोनमनं लिहून घेतलं. “आणि घरात आता माणसं किती? एकच न्हवं?” हरिबा घोंगडं सारखं करत लाजून म्हणाला, “दोन लिव की.”