उरलेली ओळ

मंगळावरून आलेल्या निरोपातला आवाज गाळून घरच्यांना फक्त आशय कळवायचा, असा नियम होता. कुमुदिनी सरपोतदारांना चिठ्ठी मिळाली : ‘मुलीची कविता. आशय : फुलं, ऊन, आनंद.’ त्या तडक निरोप केंद्रावर गेल्या.

“मला मूळ आवाज ऐकव.”

“बाई, यंत्राने अर्थ काढलाय की,” निशिकांत म्हणाला. केंद्रावरचा हा कर्मचारी त्यांचाच जुना विद्यार्थी.

“वर्गात झोपायचास का रे? अर्थ आवाजात असतो. लाव!”

लेकीचा, शर्वरीचा आवाज हसरा होता. बाई सवयीने बोटांवर अक्षरं मोजू लागल्या. पहिल्या ओळीत आठ. मग सहा. मग चार.

“थांबव! माझी मुलगी छंद मोडत नाही. तिला दम पुरत नाहीये. तिथली हवा तपासायला सांग!”

“पण ती हसतेय, बाई.”

“हवा विरळ झाली की माणसं अशीच हसतात. तिला कळतही नसेल.”

निशिकांतने धोक्याचा इशारा पाठवला. तो पोचायला बारा मिनिटं लागणार होती. मग त्याने उरलेली ओळ लावली.

“आई,” शर्वरी म्हणाली.

बाईंनी दोन बोटं मिटली आणि त्या तिसऱ्या अक्षराची वाट पाहत राहिल्या.