डोंगराने दिलेलं कडवं

ईस्टरच्या मंगळवारी आम्ही अर्बरेश, म्हणजे इटलीत शतकांपूर्वी येऊन वसलेल्या अल्बेनियन लोकांच्या, बायका एकमेकींच्या रुमालांची टोकं धरून, साखळीने नाचत-गात गावभर फिरतो. गाण्याचं शेवटचं कडवं केव्हाच हरवलंय. तिथे आम्ही थांबतो, आणि समोरचा डोंगर आमचेच शब्द परत देतो.

यंदा आम्ही थांबलो, पण डोंगर गातच राहिला.

"मारुके, हरवलेलं कडवं गं!" साखळीत सगळ्यांत पुढे, माझ्या लगेच पुढे असलेली सेराफिनामावशी माझ्याकडे वळून आनंदाने किंचाळली. "म्हणा गं सगळ्याजणी, पाठ करून टाका!"

डोंगराच्या पाठोपाठ आम्ही गाऊ लागलो. पहिल्याच ओळीत मावशीचं नाव होतं.

"अय्या, मी गाण्यात!" ती हसली, आणि आमच्या दोघींमधला रुमाल माझ्या हातात सैल पडला. पुढे कुणीच नव्हतं.

दुसऱ्या ओळीत माझं नाव आलं. रस्त्याच्या वळणामागे असल्याने काहीच न दिसलेल्या बाकीच्या साऱ्याजणी ते आनंदाने गाऊ लागल्या.